शिक्षकांची देवघेव

गेल्या श्रावणात एके दिवशी समाजशास्त्राच्या तासाला आम्ही इयत्ता नववीच्या वर्गास एक बातमी सांगितली. जगातील कित्येक देश आपल्या सार्वजनिक शाळांतील शिक्षक काही काळापुरते एकमेकांकडे पाठवितात. तिकडचा शिक्षक इकडे येऊन शिकवितो, इकडचा तिकडे जातो. आणि अशाच एका योजनेचा अर्ज आमच्या हाती आलेला आहे, असे आम्ही म्हणालो. वर्ग आनंदेल अशी आमची अपेक्षा होती. परंतु क्षणभर सारे गप्प राहिले. मग शेवटच्या बाकावरील एक मुलगा उठला आणि त्याने विचारले, "सर, तुम्ही गेलात तर परत याल ना?"

या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आम्हांस नीट देता आले नाही. "येणार तर! न येऊन जाईन कुठे?" असे हसत म्हणून आम्ही फळ्याकडे वळलो. पण प्रश्न मनातून गेला नाही. मल्हारगंजातील आमच्यासारख्या मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलांनी जाणारे पुष्कळ पाहिले आहेत. शेजारच्या बाकावरचा मित्र इंग्रजी शाळेत जातो, थोरला भाऊ नोकरीसाठी पुण्यास जातो, आवडते शिक्षक दुसरीकडे जातात. परत येणारे मात्र थोडेच दिसतात. म्हणून त्या मुलाचा प्रश्न भाबडा नव्हता. शिक्षकांच्या देवघेवीविषयी विचारण्याजोगा सर्वांत मोठा प्रश्न तोच होता, असे आम्हांस आता वाटते. त्याचे सविस्तर उत्तर द्यावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

देवघेव म्हणजे काय?

मल्हाररावांचे नाव मिरविणाऱ्या या आपल्या पेठेत देवघेव म्हणजे काय हे मुलांस शिकविण्याची गरज नाही. दुकानदार माल देतो, गिऱ्हाईक पैसे देते; माल एकाच्या हातून सुटतो व दुसऱ्याच्या हाती पडतो. विद्येची देवघेव या जातीची नाही. शिक्षकाने दुसऱ्या देशात जाऊन आपल्याजवळचे शिकविले म्हणून त्याच्याजवळचे काही उणे होत नाही, आणि तेथून तो जे घेऊन येतो त्याने तेथल्यांचेही काही उणे होत नाही. मात्र बाजारातील एक नियम येथेही लागू आहे. दोन्ही बाजूंनी काहीतरी दिले गेले पाहिजे. एकाने नुसते द्यावे आणि दुसऱ्याने नुसते घ्यावे, असे झाले की ती देवघेव राहत नाही. तिचे दान होते, किंवा नुसता प्रवास होतो.

या देवघेवीचे ठळक प्रकार असे सांगता येतील.

पहिला प्रकार जागेस जागा देण्याचा. दोन देशांतील दोन शिक्षक एका वर्षापुरते परस्परांच्या वर्गांत जातात. इकडचा वर्ग ओस पडत नाही, कारण तिकडचा शिक्षक तेथे उभा असतो. असे शिक्षक बहुधा आपापल्या मूळ शाळेचाच पगार घेत. दुसरे महायुद्ध संपल्यानंतर अमेरिकेतील सिनेटर जे. विल्यम फुलब्राइट यांनी एक कायदा मांडला आणि 1 ऑगस्ट 1946 रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी त्यावर सही केली. युद्धासाठी परदेशी नेलेले आणि शिल्लक राहिलेले लष्करी सामान विकून जो पैसा येईल, तो विद्यार्थी, प्राध्यापक व शिक्षक यांच्या जाण्यायेण्यासाठी खर्च करावा, अशी ती कल्पना होती. ज्या सामानाने माणसे मारावयाची होती, त्याच्या विक्रीतून माणसांची ओळख करून द्यावयाची, हा विचार आम्हांस फार मोलाचा वाटतो. अमेरिका व ब्रिटन यांच्यामध्ये शालेय शिक्षकांची अशी अदलाबदल त्यानंतर अनेक दशके चालली. आपल्या देशाने या योजनेत भाग घेण्याचा करार 2 फेब्रुवारी 1950 रोजी केला. त्यावर पंडित नेहरूंची सही आहे. पुढे 2008 साली नवा करार होऊन भारत खर्चातही बरोबरीचा भागीदार झाला आणि शिष्यवृत्त्यांच्या नावात फुलब्राइट यांच्या जोडीस नेहरूंचे नाव आले.

दुसरा प्रकार जाऊन, पाहून, शिकून परत येण्याचा. यात शिक्षक काही आठवडे किंवा काही महिने परदेशातील विद्यापीठात राहतो, तेथील शाळा पाहतो, आपल्या वर्गासाठी एखादे काम योजतो आणि परततो. भारतातील माध्यमिक शिक्षकांना ज्या संधी मिळत आल्या, त्या बहुतेक या प्रकारच्या.

तिसरा प्रकार साहाय्यक शिक्षकाचा. जपानने 1987 साली सुरू केलेल्या योजनेत अनेक देशांतील तरुण पदवीधर तेथील गावोगावच्या शाळांत भाषेचे साहाय्यक शिक्षक म्हणून जातात. तेथे पाहुणा एकटा शिकवीत नाही. गावचा शिक्षक त्याच्याबरोबर वर्गात उभा असतो. पाहुण्यास मुलांची भाषा येत नाही आणि गावच्या शिक्षकास पाहुण्याचा उच्चार साधत नाही, तेव्हा एकाचे उणे दुसऱ्याने भरून काढावयाचे. दक्षिण कोरियाने 2012 साली मंगोलिया व फिलिपाइन्स या देशांशी शिक्षकांची जी देवघेव आरंभिली, तीत हेही दिसते की अशी देवघेव केवळ श्रीमंत पाश्चात्त्य देशांशीच करावयाची असते असे नाही.

इंदुरास आलेला एक पाहुणा

परदेशचा शिक्षक येथे येऊन काय करू शकतो, याचे उदाहरण शोधण्यास आपणांस दूर जावयास नको. स्कॉटलंडातील डंडी येथे वनस्पतिशास्त्र शिकविणारे प्राध्यापक पॅट्रिक गेडिस हे नगररचनेचेही मोठे अभ्यासक होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात होळकर दरबाराने त्यांना इंदुरास बोलाविले. शहराच्या सुधारणेविषयीचा त्यांचा दोन भागांतील अहवाल 1918 साली प्रसिद्ध झाला.

त्या काळी शहरात प्लेगचे भय होते. घाण, उंदीर आणि रोग यांचा संबंध लोकांस समजावून द्यावयाचा होता. गेडिस यांनी व्याख्याने दिली असती तर किती लोक आले असते, कोण जाणे. त्यांनी वेगळा मार्ग धरला. दिवाळीच्या वेळी एका दिवसापुरता महाराजांचा अधिकार मागून घेतला आणि जाहीर केले की यंदाची मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही. ज्या गल्ल्यांतील लोक आपली घरे सर्वांत अधिक स्वच्छ व नीटनेटकी करतील, त्या गल्ल्यांतून जाईल. मग काय विचारता! घराघरांतून केरकचरा बाहेर निघाला, भिंती रंगल्या. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा भला मोठा उंदीर होता, लक्ष्मी होती. आणि शहराचे झाडूवालेही नवे पांढरे कपडे घालून, झाडूंना फुलांच्या माळा बांधून मानाने चालत होते. शेवटी राक्षस व उंदीर यांचे दहन झाले.

या गोष्टीत मुलांनी एक ध्यानात घ्यावे. गेडिस यांनी स्कॉटलंडातील एखादा उत्सव येथे आणला नाही. दिवाळी इंदूरची, मिरवणुकीची हौस इंदूरची, लक्ष्मीही येथलीच. त्यांनी आधी येथल्या माणसांस काय आवडते ते पाहिले व त्यातच आपला पाठ गोवला. जुन्या गल्ल्या सरसकट पाडून टाकण्यास त्यांचा विरोध असे. आधी त्या नीट समजून घ्याव्या व मग जेवढे अवश्य तेवढेच हात लावावे, असे त्यांचे मत होते. चांगल्या पाहुण्या शिक्षकाचे लक्षण हेच. 2017 सालापासून स्वच्छतेच्या स्पर्धेत देशात पहिला क्रमांक मिळवीत आल्याचा आपल्या शहरास अभिमान आहे. तो बाळगताना शंभर वर्षांपूर्वीच्या या परदेशी शिक्षकाची आणि माळा बांधलेल्या त्या झाडूंची आठवण ठेवावी.

गेलेले आणि परतलेले

पाहुणा येतो आणि जातो. मागे काय उरते? गेडिस 1919 साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांच्या व्याख्यानांस बसणाऱ्यांत मालवणचा एक तरुण होता. त्याचे नाव गोविंद सदाशिव घुर्ये. विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर घुर्ये इंग्लंडास गेले, केंब्रिजला त्यांनी अभ्यास पुरा केला. तेथे राहण्याचा मोह त्यांना झाला असता तर नवल नव्हते. पण ते परतले आणि 1924 साली मुंबईच्या समाजशास्त्र विभागाची धुरा त्यांनी उचलली. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या विद्यार्थ्यांत इरावती कर्वे होत्या. त्या पुढे बर्लिनला जाऊन मानववंशशास्त्रातील डॉक्टर झाल्या. त्याही परतल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी पिढ्यान् पिढ्या विद्यार्थी घडविले. आपल्या घरांतून वाचले जाणारे त्यांचे 'युगान्त' हे पुस्तक मराठीत लिहिलेले आहे, हे येथे विसरू नये. डंडीहून मुंबई, मुंबईहून केंब्रिज व बर्लिन, आणि तेथून पुन्हा मुंबई व पुणे, अशी ही साखळी आहे. तिच्यातील एखादा दुवा जरी परतला नसता, तरी साखळी तेथेच तुटली असती.

इरावतीबाईंचे सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे यांची हकिकतही अशीच बोधप्रद आहे. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली. तिच्यावरून स्फूर्ती घेऊन त्यांनी 1916 साली मातृभाषेतून शिक्षण देणारे महिला विद्यापीठ काढले. कोणी शिक्षक आला नाही, कोणी गेला नाही. नुसती एक पुस्तिका समुद्र ओलांडून आली. पुढे 1929 साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, अण्णासाहेब स्वतः परदेशी गेले. जिनिव्हा व एल्सिनोर येथील शिक्षणपरिषदांना ते हजर राहिले. भारतातील स्त्रियांच्या उच्च शिक्षणाचा आपला प्रयोग काय आहे, ते त्यांनी तेथील विद्वानांस सांगितले. मग अमेरिका पाहून ते जपानला पोहोचले आणि ज्या विद्यापीठाची पुस्तिका एकेकाळी वाचली होती, ते डोळ्यांनी पाहून आले. त्यांच्याही आधी, 1918 साली, त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले इंग्रजी शिकण्यासाठी अमेरिकेस गेल्या होत्या. कोकणातील देवरुखची ही विधवा स्त्री तेव्हा पंचेचाळिशी ओलांडलेली होती. तेथे लोकांच्या घरी काम करून त्यांनी पोट भरले, भाषा शिकली आणि परतून पुन्हा आपल्या संस्थेच्या कामास लागल्या.

आणि आजचे उदाहरण पाहावयाचे तर सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकविलेले शिक्षक रणजितसिंह डिसले यांचे घ्यावे. 3 डिसेंबर 2020 रोजी त्यांना दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक जाहीर झाले. खेड्यातील वर्गात पडदा लावून त्यांनी आपल्या मुलांची परदेशांतील मुलांशी गाठ घालून दिली. ज्या देशांचे आपसांत पटत नाही, अशा देशांतील मुलांनी एकमेकांचे मित्र व्हावे, हा त्यांच्या एका उपक्रमाचा हेतू होता. पारितोषिक मिळताच त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली. मिळाले त्यातील निम्मे देऊन टाकणे, ही तर देवघेवीची खरी व्याख्याच झाली.

उणिवाही पाहाव्या

या गोष्टीला दुसरी बाजू नाही असे नव्हे. सहा आठवड्यांत परका देश समजतो असे मानणे धाडसाचे आहे. पाहुणा शिक्षक आला की शाळेत फुगे, रांगोळ्या, छायाचित्रे आणि स्वागतगीत यांतच दिवस जातो आणि पाठ राहून जातो, असेही घडते. परदेशातून आलेला शिक्षक कधी कधी 'तिकडे असे, तिकडे तसे' एवढेच सांगत राहतो. त्याचा वर्गास कंटाळा येतो. भाषेची अडचण तर पदोपदी येते. आणि सर्वांत मोठी अडचण अशी की, ज्या लहान शाळेत एका विषयास एकच शिक्षक आहे, तेथील शिक्षक गेला तर त्याचा वर्ग कोणी घ्यावयाचा? जागेस जागा देण्याची जुनी पद्धत याच अडचणीचे उत्तर होती. पण वर्षभर घरदार सोडून जाणे दोन्हीकडील शिक्षकांस सोपे नसते, आणि खर्चही मोठा येतो.

आमचा लहानसा अनुभव

या अडचणींची आम्हांस थोडी ओळख आहे, कारण एका अर्थी आम्हीही देवघेवीतच आलेलो आहोत. आमचे गाव गोव्यातील पेडणे तालुक्यात. घरची बोली कोंकणी, शाळा मराठी. इंदुरास आलो त्या पहिल्या उन्हाळ्यात घसा कोरडा पडला म्हणून वर्गातील एका मुलास आम्ही चटकन म्हणालो, "जरा उदक आण रे." कोंकणीत रोजच्या पाण्यास उदक म्हणतात. मुलगा जागचा हलेना. शेजारचा म्हणाला, "सर, पूजा आहे का?" साऱ्या वर्गात हशा पिकला. इकडे उदक हा शब्द सत्यनारायणाच्या पूजेतच ऐकू येतो, हे आमच्या लक्षात आले नव्हते.

त्याच दिवसांत आम्ही मुलांच्या निबंधांत 'तो येऊन राहिला आहे' या वाक्याखाली तांबड्या शाईने रेघा ओढीत होतो. शेजारी हिंदी नांदत असल्याने इंदूरच्या मराठीस ही लकब जडली आहे. उदकाच्या प्रसंगानंतर तो तांबडा हात जरा थबकला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर आम्ही पाणी, जल, उदक असे शब्द लिहिले आणि मुलांस घरचे शब्द आणावयास सांगितले. परीक्षेत प्रमाण मराठी लिहावी, हा आग्रह आम्ही सोडलेला नाही. पण घरची बोली ही चूक नव्हे, हे त्या वर्गाने आम्हांस शिकविले. आम्ही गोव्यातच राहिलो असतो तर हे शिकलो नसतो.

यंदा त्या अनुभवास जोडून एक उपक्रम केला. आमच्या गावच्या शाळेतील बाईंस पत्र लिहिले आणि दोन्ही वर्गांतील मुलांची पत्रांची देवघेव सुरू केली. तिकडच्या मुलांनी विचारले, "तुमच्याकडे समुद्र नाही, मग संध्याकाळी तुम्ही कुठे जाता?" इकडून उत्तर गेले, "सराफ्यात!" आमच्या मुलांनी टोरी कॉर्नरवरून निघणाऱ्या रंगपंचमीच्या गेरचे वर्णन लिहिले: रंगाचे फवारे, माणसांचा लोट आणि गच्च्यांवरून पाहणाऱ्या आज्या. तिकडून शिगम्याचे वर्णन आले. एकाच फाल्गुनात दोन गावे दोन तऱ्हांनी रंगतात, हे मुलांच्या ध्यानी आले. गेर मुळात कशी सुरू झाली, असे पेडण्याच्या एका मुलीने विचारले, तेव्हा आमच्या वर्गात कोणासच धड सांगता येईना. मग मुले आपापल्या आजोबांकडे गेली. परक्याने विचारल्यावाचून आपल्याच घराची चौकशी आपण करीत नाही, हे या उपक्रमाचे मोठे फळ होय.

उत्तर

विद्यार्थिमित्रहो, आता त्या प्रश्नाकडे वळू. परत न येणाऱ्यास आम्ही दोष देत नाही; प्रत्येकाच्या संसाराची ओढ निराळी असते. परंतु शिक्षकाच्या देवघेवीत जाणे हा अर्धा व्यवहार आहे. घुर्ये, इरावतीबाई, अण्णासाहेब, पार्वतीबाई यांचे जाणे आपणांस आज आठवते, ते त्यांच्या परतण्यामुळे. आणि जो जाईल त्याने रित्या हाताने जाऊ नये. इंदूरची दिवाळी, पेडण्याचा शिगमा, घरातील बोली, आपले इतिहास-भूगोल नीट जाणून जावे. ज्याला आपल्या गल्लीची माहिती नाही, त्याच्यापाशी देवघेवीत देण्याजोगे काय असणार? आपण मराठी शाळेत शिकतो म्हणून जगाचा दरवाजा आपणांस बंद आहे, असे मात्र कोणी समजू नये. इंग्रजी चांगली शिकावी, कष्टाने शिकावी. पण सांगावयाचे जे आहे, ते घरचेच असावे.

तो अर्ज आम्ही भरला आहे. आमच्या अनुपस्थितीत वर्ग कोणी घ्यावयाचा याची तजवीज मुख्याध्यापकांशी बोलून ठेवली आहे. अर्जात एक रकाना आहे: परत आल्यावर आपल्या शाळेसाठी काय कराल? तो रकाना आम्ही एकट्याने भरला नाही. नववीच्या वर्गात वाचून दाखविला आणि मुलांना विचारून भरला. मुलांनी सुचविले की तिकडच्या एका वर्गाशी आपली पत्रे सुरू करावी, तिकडच्या मुलांचे खेळ शिकून येऊन ते मैदानावर शिकवावे, आणि तिकडच्या शिक्षकांस एकदा मल्हारगंजात आणावे. शेवटच्या बाकावरील त्या मुलाने आणखी एक ओळ घालावयास लावली. "सर, तारीख लिहा," तो म्हणाला. परतण्याच्या तारखेचा रकाना अर्जात नव्हता. आम्ही समासात जागा करून ती लिहिली.